एकाच स्पोर्ट्स कारचे देशोदेशी वेगळे चेहरे: आवड, कायदा की कर?

मिऱ्याबंदर (धागाकर्ता)
गाडी एकच, नाव एकच, कारखानाही एकच. पण एके काळी अमेरिकेत गेलेल्या गाडीला पुढे भलामोठा बंपर, जपानातल्या गाडीचे आरसे पुढच्या चाकांवरच्या फेंडरवर, आणि इटलीतल्या गाडीत लहान इंजिन. विचारलं की "तिकडच्या लोकांची आवड वेगळी" हे ठरलेलं उत्तर मिळतं. मला ते पटत नाही. माझ्या मते डिझायनरने कागदावर रेघ ओढायच्या आधीच त्या देशाचं नियमपुस्तक आणि कराचा तक्ता टेबलावर आलेला असतो. आवडीचा नंबर नंतर लागतो.

जाणकारांनी नेमकं लिहा: कुठला भाग, कुठल्या देशात, कशामुळे बदलतो? आणि उपप्रश्न असा: रत्नागिरी-सिंधुदुर्गात रोज चालवायची स्पोर्ट्स कार कोणी बनवलीच, तर तिच्यात काय बदलावं लागेल? "पैसे" हे उत्तर चालणार नाही.

काजूबोंड
पैसे.

देवगडकर
काजूबोंड, बस खाली. 😄

सुरुवात बंपरपासून करू, कारण सगळ्यात उघड फरक तिथेच दिसतो. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून नियम आला की ताशी ५ मैलांच्या, म्हणजे ८ किमीच्या धडकेत दिवे, इंधनयंत्रणा वगैरेंना इजा होता कामा नये. १९७४ पासून मागच्या बंपरलाही तोच वेग लागू झाला. असा बंपर धडकेत मागे सरकायला हवा, म्हणजे बॉडी आणि बंपर यांच्यात फट ठेवणं आलं. ती फट झाकायला पोर्शने ९११ ला काळे रबरी भाते लावले. अमेरिकेच्या गाडीत त्यामागे हायड्रॉलिक डॅम्पर होते, जे दाबले जाऊन परत बाहेर येत. इतर देशांत साध्या नळ्या होत्या, धडकेत चेपल्या की बदलायच्या. बाहेरून रूप एकच, आतलं सामान वेगळं.

एमजीबी ह्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची गत वाईट झाली. १९७४ च्या अखेरीस तिला काळे रबरी बंपर आले आणि बंपरची उंची नियमात बसवायला अख्खी गाडी सुमारे एक इंच वर उचलली. गुरुत्वमध्य वर गेला, वळणावर गाडी कलायला लागली. कंपनीला दोन वेगळे साचे परवडत नव्हते, म्हणून नियम अमेरिकेचा आणि भोग ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकाला.

१९८३ च्या मॉडेलपासून ही अट अडीच मैलांवर आली, पण तोवर एका पिढीच्या गाड्यांचा चेहरा बदलून गेला होता.

वाशिष्ठी
बंपरइतकाच दिव्यांचा वाटा आहे. अमेरिकेत १९४० पासून १९८३ पर्यंत ठरावीक मापाचे सीलबंद हेडलॅम्पच चालत. काच, आरसा आणि फिलामेंट मिळून एकच बल्ब, त्यावर वेगळी काच झाकायची नाही. त्यामुळे जग्वार ई-टाइपच्या दिव्यांवरची ती देखणी काच १९६८ च्या सुमारास गेली आणि खोबणीत उघडे दिवे आले. सिट्रोएन एसएमला युरोपात काचेमागे सहा दिवे, आतले दोन सुकाणूबरोबर वळणारे. अमेरिकेत त्याच गाडीला चार साधे गोल, स्थिर दिवे. पुढे १९७४ मध्ये तिच्या उंची बदलणाऱ्या सस्पेन्शनमुळे बंपरचा नियमही जमेना आणि अमेरिकेतली विक्रीच थांबली.

उघडमीट करणारे दिवेही हौसेपेक्षा गरजेतून आले. हेडलॅम्प जमिनीपासून अमुक उंचीच्या खाली चालत नाही: अमेरिकेत आज २२ इंच, युरोपच्या नियमात डिपरची खालची कड ५०० मिमी. नाक त्याहून खाली हवं असेल तर दिवा लागेल तेव्हा वर यायला हवा. २००४ मध्ये कॉर्व्हेट सी५ आणि लोटस एस्प्रीबरोबर हा प्रकार संपला.

बारकी खूण सांगते: पुढच्या फेंडरवर नारिंगी आणि मागच्या बाजूला लाल साइड मार्कर दिसला तर गाडी अमेरिकन मापाची. मागचा इंडिकेटर लाल असेल तरी तेच. युरोपात आणि आपल्याकडे तो नारिंगीच लागतो. आणि बंपरवर हेडलॅम्पखाली चौकोनी झाकणं दिसली तर ते हेडलॅम्प धुण्याचे फवारे. युरोपात झेनॉनसारख्या प्रखर दिव्यांना ते सक्तीचे, अमेरिकेत नाहीत.

घाटमाथा
मिऱ्याबंदर, सगळं कायद्याच्या माथी मारू नका. १९९० च्या दशकातली बीएमडब्ल्यू एम३ घ्या. युरोपात ती २८६ अश्वशक्तीची होती, अमेरिकेत सुमारे २४० ची, आणि इंजिनच वेगळं. कारण किंमत. महागड्या इंजिनासह ती तिकडे ज्या दराला पडली असती त्या दराला खपणार नाही असा हिशेब होता. ह्याला आवड म्हणा, बाजार म्हणा, कायदा मात्र नव्हे.

खारवारा
घाटमाथा, किंमत म्हणालात म्हणून करांकडे येतो. सगळ्यात गमतीचा भाग हाच आहे.

इटलीत २००० सीसीच्या वर व्हॅट ३८ टक्के होता, खाली १८. म्हणून फेरारीने १९८० मध्ये ३०८ च्या बॉडीत १९९१ सीसीचं व्ही८ बसवून २०८ काढली. ताकद १५५ अश्वशक्ती, म्हणजे दिसायला फेरारी आणि चढाला धाप. १९८२ मध्ये टर्बो लावून भरपाई केली, पण टर्बो आला की हवा आणि थंडावा हवा, मग मागच्या चाकांपुढे जादा हवेच्या खाचा आल्या. आता बघा, कराच्या एका ओळीमुळे पत्र्यात भोक पडलं! बीएमडब्ल्यूनेही इटली आणि पोर्तुगालसाठी ३२०आयएस काढली होती, एम३ च्या इंजिनाची दोन लिटरची आवृत्ती.

जपानात रुंदीवरही मोजणी. रुंदी १७०० मिमी, लांबी ४७०० मिमी किंवा २००० सीसी ओलांडली की गाडी वरच्या वर्गात. माझदाची दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ बरोबर १६९० मिमी रुंद आहे, हा योगायोग नव्हे. तिच्या रोटरी इंजिनाला करासाठी दीडपट धरतात: १३०८ गुणिले दीड म्हणजे १९६२. हिशेब कसा काठावर बसवलाय बघा. १९८९ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जाचक कर सैल झाला आणि पुढची आरएक्स-७ थेट १७६० मिमीला गेली.

निसानच्या फेअरलेडी झेडचंही तेच. अमेरिकेत २४००, जपानात मुख्यतः २००० सीसी. आरसे फेंडरवर, कारण दारावरच्या आरशांना तिकडे १९८३ पर्यंत परवानगीच नव्हती.

तारकर्ली_वारा
म्हंजे काय ता समाजला. गाडी ड्रॉइंगवाल्यान नाय, तलाठ्यान काढलेली आसा.

खारवारा
तारकर्लीकर, तलाठ्याने काढलेल्या गाडीचा कळस पाहायचा तर जपानच्या केई, म्हणजे करसवलतीच्या छोट्या वर्गातल्या, स्पोर्ट्स कार बघा. १९९० ते १९९८ मधली मर्यादा: ६६० सीसी, लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर, आणि कंपन्यांच्या आपसातल्या समजुतीने ६४ अश्वशक्ती. त्या चौकटीत सुझुकी कॅपुचिनो (३२९५ गुणिले १३९५ मिमी, वजन सुमारे ७०० किलो), होंडा बीट आणि वर उघडणाऱ्या दारांची ऑटोझॅम एझेड-१ बसल्या. दायहात्सू कोपेनला पुढे परदेशात बॉडी तीच, इंजिन १३०० सीसीचं मिळालं. चौकट सुटली की इंजिन लगेच फुगतं.

घाटमाथा
मग आपल्या चार मीटरच्या करसवलतीच्या नियमाने आपल्याला कॅपुचिनो का नाही मिळाली?

खारवारा
कारण आपल्या नियमात लांबीबरोबर इंजिनाचीही अट आहे. पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत, आणि लांबी ४००० मिमीच्या आत. माझदाची सध्याची दोन सीटांची एमएक्स-५ ३९१५ मिमी आहे, म्हणजे लांबीत बसते. पण तिचं सर्वांत लहान इंजिन १४९६ सीसी, म्हणजे सवलतीतून बाहेर. २२ सप्टेंबर २०२५ पासून आत असाल तर जीएसटी १८ टक्के, बाहेर असाल तर ४०. वर ती पूर्ण तयार आयात झाली तर सीमाशुल्क वेगळं. ह्या दोन सीटांच्या हौसेसाठी १२०० सीसीचं टर्बो इंजिन कोण बनवणार? एवढंच गणित आहे. लांबी वाचवायला बंपर चेपून मागून कापल्यासारख्या दिसणाऱ्या सेडान आपल्याकडे रग्गड झाल्या, स्पोर्ट्स कार जवळजवळ नाहीच.

पंचनदी
उजव्या सुकाणूबद्दल कोणीच बोललं नाही. भारतात नवीन गाडी आयात करायची तर सुकाणू उजवीकडेच लागतं. म्हणून फेरारी एफ४०, पोर्शे करेरा जीटी ह्या फक्त डाव्या सुकाणूच्या गाड्यांना हे दार बंद. कॉर्व्हेटही सी८ येईपर्यंत कारखान्यातून उजव्या सुकाणूची निघालीच नाही.

डावं सुकाणू उजवीकडे आणणं म्हणजे डॅशबोर्ड उलटा करणं नव्हे. सुकाणूचा दांडा खाली उतरताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) वाटेत येतो. व्ही८ मध्ये दोन्हीकडे मॅनिफोल्ड, मग एक तरी वेगळा वाकवावा लागतो, तिथे कोन चुकला की ताकद जाते आणि दांड्याच्या सांध्याला उष्णता लागते. ब्रेक बूस्टर पलीकडे न्यायला जागा नसेल तर आडवा दांडा टाकून पॅडल जोडतात आणि ब्रेक स्पंजासारखा लागतो. पॅडल चाकाच्या कमानीमुळे मधोमध सरकतात, डावा पाय ठेवायला जागा उरत नाही.

वायपर बघायचा विसरू नका. स्वस्तात उजवीकडे आणलेल्या गाडीत वायपरची फेक डाव्या सुकाणूचीच राहते. उजव्या खांबालगत पुसला न जाणारा त्रिकोणी पट्टा उरतो, नेमका चालकाच्या डोळ्यांसमोर. श्रावणातल्या कशेडी घाटात त्याची किंमत कळते. हेडलॅम्पचंही तसंच. डिपरचा झोत रस्त्याच्या कडेला थोडा वर चढतो. आपल्याकडे तो डावीकडे चढायला हवा. डाव्या सुकाणूचे दिवे तसेच राहिले तर समोरच्याच्या डोळ्यांत झोत जातो. डिपरचा नॉब खाली केल्याने हे सुटत नाही, अख्खा दिवा बदलावा लागतो.

काजूबोंड
आमच्याकडे समोरच्याच्या डोळ्यांत झोत मारायला डावं सुकाणू लागत नाही हो पंचनदीकाका.

जांभाखडक
आता कोकणाकडे. पहिली तक्रार गतिरोधकांची असणार, म्हणून आकडे मांडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये दिलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा. २.५ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली) गाडी त्याच्या मधोमध असताना चारही चाकं उंचवट्यावरच असतात. पोटाखाली उंचवटा चाकांपेक्षा फक्त ४६ मिमी वर येतो (अर्ध्या व्हीलबेसचा, म्हणजे १.२५ चा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट, म्हणजे ३४). म्हणजे जमिनीपासून ११० मिमी क्लिअरन्सची गाडीही आरामात जाते.

घासतात ते गावकीचे गतिरोधक. रुंदी दोन फूट, उंची सहा इंच. तिथे पुढची चाकं पलीकडे उतरलेली, मागची अलीकडे, आणि मधला पूर्ण १५० मिमीचा गोळा पोटाखाली. तिरकी घातली तर एकेक चाक चढतं आणि थोडं निभावतं, पण रस्ता एकपदरी असेल तर तिरकी घालणार कुठे?

मिऱ्याबंदर
जांभाखडक, झकास. म्हणजे डीसी अवंती ह्या देशी स्पोर्ट्स कारला १७० मिमी ठेवले होते ते ह्याच हिशेबाने.

जांभाखडक
हो, आणि त्यासाठी ती चाकांच्या कमानीत रिकामी आणि उंच दिसते अशी टीका झाली. तिथेच देशी गरज आणि देखणेपण ह्यांचं भांडण दिसतं.

दाभोळखाडी
गतिरोधक सोडा, फेरीबोट बघा. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, कुठेही जा, दोन जागी अडचण येते. जेटीचा उतार खाली जातो आणि बोटीची फळी वर चढते, तिथे खळगा होतो आणि नाक आपटतं. फळी संपून डेक सपाट होतो तिथे उंचवटा होतो आणि पोट टेकतं.

पोटाचा हिशेब सोपा आहे: अर्धा व्हीलबेस गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन्जन्ट. ९११ चा व्हीलबेस २४५० मिमी. दोन उतारांतला फरक ८ अंश असेल तर ८६ मिमी लागतात, १० अंशाला १०७, १२ अंशाला १२९. व्हीलबेस २७०० झाला की १० अंशालाच ११८. म्हणून लांब गाडी आधी अडकते.

नाक उचलायच्या यंत्रणेवर फार विसंबू नका. ती पुढचा अॅक्सल साधारण ४० मिमी उचलते, मागचा तिथेच. गाडीच्या मध्यावर फायदा २० मिमीचाच. खळग्यात ती कामाची, उंचवट्यावर अर्धीच.

करायचं काय? उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या तळाला जाऊच नका, तेव्हा उतार सर्वांत उभा असतो आणि खालची जेटी शेवाळलेली. मागच्या चाकांवर चालणारी गाडी तिथे चाक फिरवत बसते. भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हा, किंवा अर्ध्या भरतीला जा. फळीच्या तोंडाशी चढ असेल तर चाकांखाली दीड-दोन इंच जाड, तीन फूट लांब दोन फळ्या टाका. खलाशांना आधी सांगितलं तर बोटीवर असतातच.

तारकर्ली_वारा
स्पोर्ट्स कार फेरीबोटीन नेणाऱ्याक आधी खलाशांनी च्या पाजूची की उलट?

वाशिष्ठी
थोडं विषयांतर, पण देशागणिक फरक पाहायला कोकणातल्या पोरांना दोन कोटींची गाडी नको, दारातली यामाहा आर१५ मोटरसायकल पुरे. आपल्याकडे २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीला इंडोनेशियात उलटे फोर्क होते, भारतात साधे टेलिस्कोपिक. आणि आपल्याकडे साडीगार्ड, कारण मोटार वाहन नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची कडी, पायटेकू आणि मागचं निम्मं चाक झाकणारं आवरण मागतो. पोरं शोरूमच्या दारातच साडीगार्ड काढून टाकतात ही गोष्ट निराळी. पण डिझायनरला ते बसवायला खाचा आणि बोल्ट आधीच ठेवावे लागतात.

देवगडकर
नंबरप्लेटही त्यातलीच. अमेरिकेची १२ गुणिले ६ इंच, जपानची ३३० गुणिले १६५ मिमी, युरोपची लांबट ५२० मिमीची. आपली चारचाकीची ५०० गुणिले १२० किंवा ३४० गुणिले २००. त्यामुळे एकाच मॉडेलच्या मागच्या बंपरची खोबण दोन-तीन प्रकारची बनते. पुढे खालच्या जाळीवर ५०० मिमीची एचएसआरपी ठोकली की सहाशे चौरस सेंमी हवेची वाट बंद. टर्बो गाडीत त्यामागे इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) असेल तर उन्हाळ्यात घाट चढताना इनटेकचं तापमान वाढतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ताकद कापतो. प्लेट जाळीच्या मधोमध न लावता वरच्या कडेला, बंपरच्या पट्टीवर घ्या. आखाती देशांसाठीच्या गाड्यांना मोठे रेडिएटर आणि तगडा एसी देतात, आपल्याकडे थेट युरोपातून आलेल्या गाडीत तो असेलच असं नाही.

खारवारा
आणि खारा वारा? माझ्या नावाचाच विषय. पोर्शने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी जस्तलेपित पत्र्याची केली, ती युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठासाठी. आपल्याला तोच फायदा समुद्राकाठी. पण हल्लीच्या गाड्यांत अॅल्युमिनियमला पोलादी बोल्ट असतो, मध्ये खारं पाणी शिरलं की अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं फुटतं. बोल्ट जस्तलेपाचेच वापरा, स्टेनलेसचे "चांगले" म्हणून बदलू नका, त्याने उलट वेग वाढतो. काढाल तेव्हा खाली नायलॉनचा वॉशर आणि घट्ट ग्रीस.

एसीच्या कंडेन्सरवर मीठ बसतं. प्रेशर वॉशरने मारलं तर पाती वाकतात. साध्या नळाच्या पाण्याने, आतून बाहेर. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत ओल कोंडते आणि ब्रेक डिस्क व पॅड एकमेकांना चिकटतात. आणि उघडमीट दिव्यांची जुनी गाडी असेल तर मोटारीवरच्या रबरी टोपीखाली हाताने फिरवायचा नॉब असतो, पहिल्या एमएक्स-५ ला तरी आहेच. रात्री दिवा अर्ध्यावर अडकला की तोच उपयोगी.

घाटमाथा
पादचारी सुरक्षेचा मुद्दा राहिला. युरोपात २००५ पासून, पुढे आपल्याकडेही, बॉनेट आणि त्याखालच्या इंजिनात मोकळी जागा लागते, म्हणजे डोकं आपटलं तर पत्रा दबायला वाव. नाकं जाड झाली ती त्यामुळे. एमएक्स-५ ला युरोपात आणि जपानात धडक होताच बॉनेट मागून उचलणारी यंत्रणा आहे, अमेरिकेत नाही. घ्या मिऱ्याबंदर, हा मुद्दा तुमच्या बाजूने.

मिऱ्याबंदर
घेतला. आता उपप्रश्नाचं माझं उत्तर, तुम्ही सगळ्यांनी दिलेल्या आकड्यांवरून: व्हीलबेस २४०० च्या आत, म्हणजे फेरीबोटीच्या १२ अंशाला १२६ मिमी पुरतील. क्लिअरन्स १६०. पुढचं नाक चाकापुढे आखूड. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन १.२ टर्बो. जस्तलेपित पत्रा, उजव्या फेकीचा वायपर, नंबरप्लेट जाळीच्या वर. मऊ छप्पर नको, पाऊस तीन हजार मिमीच्या वर.

काजूबोंड
अभिनंदन, तुम्ही हॅचबॅक बनवलीत.

पंचनदी
मागच्या चाकांवर चालणारी आणि दोन सीटांची असेल तर नाही. पण छपराबद्दल असहमत. मऊ छप्पर पावसाने गळत नाही, निचऱ्याच्या भोकांनी गळतं. छपराच्या मागच्या कोपऱ्यांतून पाणी नळीवाटे उंबऱ्याजवळ उतरतं. तिथे पानं आणि जांभ्याची लाल माती बसली की पाणी उंबऱ्याच्या पोकळीत साचतं आणि पत्रा आतून कुजतो, बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मिऱ्याबंदर
मग भोक किती मोठं ठेवायचं? जाळी लावली तर?

पंचनदी
जाळी आत लावू नका, तीच आधी तुंबते. नळी आतून १२ मिमीची, वळण कमी. मृगाच्या आधी, गणपतीत आणि दिवाळीत, नायलॉनची मऊ दोरी वरून घालून खालून बाहेर काढायची. तार घालू नका, नळी सांध्यातून सुटते आणि पाणी थेट सीटखाली येतं. मग एक तांब्या पाणी ओता, चाकामागे सरळ धार पडली की झालं. थेंब थेंब पडलं तर पुन्हा दोरी.